लोखंड तर जळत नाही, मग त्याला आगीची भीती कशाला?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा त्याच्या ऑफिसच्या इमारतीत दुरुस्तीचं काम निघालं होतं. फॉल्स सीलिंग काढलेलं होतं आणि वरच्या लोखंडी तुळयांवर करड्या रंगाचा ओबडधोबड थर दिसत होता. थापी न फिरवता सोडून दिलेल्या गिलाव्याचा असावा तसा. बोट लावलं तर भुगा खाली आला. मुलगा म्हणाला, हा आगीसाठी असतो. मला काही पटलं नाही. लोखंड काय लाकूड आहे पेट घ्यायला? आणि बोटानं निघणारा थर आगीपुढे काय टिकणार? यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं म्हणतात, ते खरं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमची पहिली शंका अगदी रास्त आहे. इमारतीला आग लागली तर पोलादी तुळई पेट घेत नाही, वितळतही नाही. पोलाद वितळायला साधारण 1500 अंश सेल्सियस लागतात. टेबलं, कागद, गालिचे, पडदे जळून जी आग होते ती सहसा 1000 ते 1100 अंशांच्या वर जात नाही. म्हणजे कागदावर तुळई सुखरूप आहे.

पण लोहार लोखंड कुठे वितळवतो? तो ते लाल होईपर्यंत तापवतो आणि घणाच्या चार घावांत हवं तसं वळवतो. इमारतीतल्या तुळईला तर घणाचीही गरज नाही. स्लॅबचं, माणसांचं, कागदपत्रांनी भरलेल्या कपाटांचं वजन तिच्या डोक्यावर चोवीस तास असतंच. ती मऊ पडायचा अवकाश.

किती तापलं की किती ताकद जाते, याचा हिशेब आपल्या आयएस 800 या मानकात दिला आहे. पोलादी बांधकामाचं हे भारतीय मानक. 2007च्या आवृत्तीत त्याचं सोळावं प्रकरण आगीसाठी राखलेलं आहे. त्यातल्या सूत्राप्रमाणे 215 अंशांपर्यंत पोलादाची ताकद पूर्ण धरायची. तिथून पुढे ती एका रेषेत उतरते. 560 अंशांना निम्मी उरते आणि 905 अंशांना काहीच उरत नाही. आता याच्या शेजारी आगीचं वेळापत्रक ठेवून पाहा. अग्निरोधाची चाचणी ज्या भट्टीत करतात, तिचं तापमान आंतरराष्ट्रीय मानकानुसार पाचव्या मिनिटाला 576, अर्ध्या तासाला 842 आणि तासाभराने 945 अंशांवर न्यावं लागतं. हलक्या वजनाची उघडी तुळई अशा भट्टीत पंधरा-वीस मिनिटांत निम्म्या ताकदीवर येते. तिसाव्या मजल्यावरची माणसं तोवर जिन्यातच असतात, आणि अग्निशमन दलाचे जवान पाठीवर सिलिंडर बांधून त्याच जिन्याने वर चढत असतात.

तो करडा थर कामाला येतो तो इथे. तुळई तापायला लागणारा वेळ तो एक, दोन, तीन किंवा चार तासांपर्यंत लांबवतो. आग विझवणं त्याचं काम नाही आणि आग कायमची अडवणं त्याला जमणारही नाही.

आता भुसभुशीतपणाकडे वळू. तुम्हाला जो दोष वाटला, तोच त्याचा गुण आहे. या थराचे मुख्यतः दोन प्रकार. एकात जिप्सम किंवा सिमेंट हे बांधणीचं द्रव्य असतं आणि त्यात व्हर्मिक्युलाइट, पर्लाइट किंवा थर्माकोलचे बारीक मणी मिसळतात. व्हर्मिक्युलाइट तुम्ही नर्सरीत पाहिलं असेल, कुंडीची माती हलकी ठेवायला घालतात ते चकचकीत सोनेरी चुरे. दुसऱ्या प्रकारात दगड किंवा धातूची मळी वितळवून काढलेले खनिज तंतू असतात. तंतूंचं हे मिश्रण नळीतून कोरडंच येतं आणि नोझलच्या तोंडाशी त्याला पाणी मिळतं. दोन्हींत हवा कोंडलेली असते, आणि कोंडलेल्या हवेतून उष्णता फार सावकाश जाते. जिप्सममध्ये आणखी एक सोय आहे. त्याच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा पाणी असतं. ओलाव्याचं नव्हे, स्फटिकात बांधलेलं. आग लागली की आधी हे पाणी सुटतं, त्याची वाफ होते आणि त्यात पुष्कळ उष्णता खर्ची पडते. तेवढा वेळ आतलं पोलाद 100 अंशांच्या आसपास रेंगाळत राहतं. काँक्रीटसारखा घट्ट, टणटणीत लेप दिसायला भक्कम वाटला असता, पण तेवढ्याच जाडीत त्याने उष्णता कितीतरी लवकर आत सोडली असती.

वजनाचाही प्रश्न आहेच. शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन गगनचुंबी इमारतींत पोलादाभोवती विटा, भाजलेल्या मातीचे पोकळ ठोकळे किंवा काँक्रीट घालत असत. त्यांची मजबुती वादातीत, पण ओझंही तसंच. 50 मिलिमीटर काँक्रीटचं आवरण दर चौरस मीटरला 120 किलो भरतं. हलक्या फवारा-लेपाचा 25 मिलिमीटर थर अवघा 6 किलो. दुसऱ्या महायुद्धानंतर इमारती झपाट्याने आणि स्वस्तात उठू लागल्या, तेव्हा बिल्डरांनी काय निवडलं असेल ते सांगायला नको.

काम कसं चालतं तेही पाहण्यासारखं आहे. जिप्सम-सिमेंटचा माल असेल तर पोतं फोडून मिक्सरमध्ये पाण्याशी कालवतात, पंपाने नळीतून वरच्या मजल्यावर चढवतात आणि नोझलपाशी दाबाच्या हवेने फवारतात. त्याआधी तुळईवरचं तेल, धूळ, सुटी पपडी काढावी लागते. जाडी मोजायला पट्टी नसते. टोकदार सुई असलेलं मोजमाप थरात पोलादाला टेकेपर्यंत खुपसतात आणि आकडा वाचतात. गंमत अशी की तुळई जितकी जाड आणि वजनदार, तितका लेप कमी लागतो. जाड पोलाद मुळातच सावकाश तापतं. खरी निगा बारीक सळ्यांच्या कैच्यांची घ्यावी लागते, आणि नेमकं त्यांच्यावरच लेप नीट बसवणं सगळ्यांत अवघड. गोल सळईवर फवारा मारला की निम्मा माल पलीकडे उडून जातो.

चिकटतो का, हे तपासायची रीत मला फार आवडते. सुमारे 8 सेंटिमीटर व्यासाची बरणीच्या झाकणासारखी वाटी घ्यायची, गोंदाने थरावर चिकटवायची, गोंद वाळला की तिच्या आकड्यात ताणकाटा अडकवून सावकाश खाली ओढायचं. किती किलोला थर सुटतो ते लिहून ठेवायचं. अमेरिकेत पूर्वी अशी वाटी साडेतीन-चार किलो ताण सोसून सुटली तरी काम पास व्हायचं. 2009च्या इंटरनॅशनल बिल्डिंग कोडने ही अट कडक केली. 128 मीटरपेक्षा उंच इमारतीत आता त्याच वाटीला सुमारे पंचवीस किलोचा ताण सोसावा लागतो.

अट एवढी वाढायला कारण घडलं न्यूयॉर्कला. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जुळ्या मनोऱ्यांत मजले तोलणाऱ्या कैच्यांमध्ये सुमारे 28 मिलिमीटरच्या गोल सळ्या होत्या. त्यांच्यावर सुरुवातीला अर्धा इंच, म्हणजे 13 मिलिमीटर, खनिज तंतूंचा लेप ठरवला होता. 1990च्या दशकात तो दीड इंच करायचं ठरलं. भाडेकरू जागा सोडतील तसतसा एकेक मजला हाती घ्यायचा. 11 सप्टेंबर 2001ला उत्तर मनोऱ्यात विमान शिरलं ते मजले बहुतेक नव्या जाडीचे होते. दक्षिण मनोऱ्याच्या मार लागलेल्या मजल्यांपैकी 78वा तेवढा नवा होता, बाकीचे जुन्याच लेपावर. दक्षिण मनोरा 56 मिनिटांत कोसळला, उत्तर 102 मिनिटांत. दोन मनोऱ्यांना बसलेला मार वेगळा होता, तेव्हा हा फरक सगळा लेपाच्या खात्यावर मांडता येत नाही.

अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने पुढे काही वर्षं त्याचा तपास केला. विमानाचे तुकडे लेपावर काय करतात हे पाहायला त्यांनी लेप दिलेल्या पोलादी पट्ट्यांवर चक्क बंदुकीतून छर्रे झाडले. थर उडाला आणि पोलाद उघडं पडलं. 2005च्या अहवालाचा निष्कर्ष असा की विमानाच्या धडकेने लेप मोठ्या प्रमाणावर उडाला नसता, तर धडक आणि आग दोन्ही सोसूनही मनोरे बहुधा उभे राहिले असते. आता, विमान धडकेल हे गृहीत धरून कुणी लेप लावत नाही. पण रोजच्या धक्क्यांना, गळत्या पाण्याला आणि माणसांच्या हातांना तरी तो पुरून उरला पाहिजे, एवढी शिकवण त्यातून घेतली गेली.

या लेपाची सगळी मदार रसायनापेक्षा तो जागेवर आहे की नाही यावर आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि त्याला जागेवरून हलवणारी मंडळी इमारतीतच वावरत असतात. एसीच्या डक्टवाल्याला क्लॅम्प मारायला तुळईची कड हवी असते, तो स्क्रूड्रायव्हरने वीतभर लेप खरवडतो. मागून केबलवाला येतो, मग स्प्रिंकलरवाला. खाली पडलेला भुगा झाडून टाकतात, फॉल्स सीलिंग पुन्हा चढतं आणि उघडी जागा पुढच्या दुरुस्तीपर्यंत कुणाच्या नजरेला पडत नाही. म्हणून शहाणे ठेकेदार क्लॅम्प आणि हँगर आधी बसवून घेतात, फवारा मागाहून मारतात, आणि नंतर काही खरवडलंच तर डाग भरायला एक पोतं राखून ठेवतात.

माद्रिदमध्ये 2005च्या फेब्रुवारीत तर आवरण असलेल्या आणि नसलेल्या पोलादाची तुलना आपोआपच समोर आली. तिथल्या 32 मजली विंडसर टॉवरचा गाभा काँक्रीटचा होता, पण कडेचे खांब पोलादी आणि बांधले तेव्हापासून उघडे. त्यांना अग्निरोधक आवरण घालायचं काम खालून वर चालू होतं. नववा आणि पंधरावा मजला काहीसा राहिला होता. बाकी सतराव्यापर्यंत काम आटोपलं होतं. आग लागली एकविसाव्या मजल्यावर, रात्री. वरच्या मजल्यांचे उघडे खांब वाकले आणि कडेचे भाग धडाधड कोसळले. खाली आवरण घातलेले खांब उभे राहिले. नवव्या मजल्यावरचे, ज्यांची पाळी आली नव्हती, ते वाकले. सतराव्या मजल्याच्या भक्कम काँक्रीटने वरची पडझड झेलली, हेही नमूद केलं पाहिजे, नाहीतर सगळं श्रेय लेपालाच दिल्यासारखं होईल. रात्रीची वेळ असल्याने जीवितहानी झाली नाही.

उलट बाजूचं उदाहरण फिलाडेल्फियाचं. 1991च्या फेब्रुवारीत तिथल्या 38 मजली वन मेरिडियन प्लाझाच्या बाविसाव्या मजल्यावर जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांमधून आग लागली. ती सुमारे 19 तास जळत होती. तीन अग्निशमन जवान गेले. इमारत पडेल या भीतीने दलाने माणसं बाहेर बोलावली. शेवटी आग तिसाव्या मजल्यावर अडली, कारण तिथे स्प्रिंकलर होते. तुळया कित्येक इंच, काही तर फूट-फूट खाली वाकल्या होत्या. तरी लेप दिलेला सांगाडा कोसळला नाही. इमारत पुन्हा वापरात मात्र आलीच नाही, 1999मध्ये ती उतरवून टाकली. म्हणजे लेपाने माणसांना वेळ दिला आणि स्प्रिंकलरने आग अडवली. एक असलं की दुसरं नको, असं म्हणणारा सल्लागार भेटला तर त्याला ही गोष्ट ऐकवा.

एक गोष्ट अजून, कारण ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तापलेलं पोलाद मऊ होतं तसं लांबतंही. 10 मीटरची तुळई 500 अंशांनी तापली तर 6 सेंटिमीटरहून जास्त वाढते. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या आवारातली 47 मजली सातव्या क्रमांकाची इमारत त्याच दिवशी संध्याकाळी पडली. तिला विमान धडकलं नव्हतं. शेजारच्या मनोऱ्याचे जळते तुकडे पडून आग लागली आणि शहराची जलवाहिनी फुटल्याने खालच्या मजल्यांच्या स्प्रिंकलरला पाणी मिळालं नाही. एनआयएसटीच्या 2008च्या अहवालानुसार लांबलेल्या तुळयांनी एक मोठा गर्डर त्याच्या बैठकीवरून ढकलला, आणि तिथून एका खांबाचा आधार सुटत गेला. त्या तुळयांवर लेप होता. त्या धोक्याच्या मानल्या जाणाऱ्या तापमानाच्या बऱ्याच अलीकडे होत्या. म्हणजे सुटी तुळई भट्टीत दोन तास तगली म्हणून तिला जोडलेली इमारत दोन तास तगेलच असं नाही. ‘दोन तासांचं रेटिंग’ ऐकून घड्याळ लावून बसू नये.

राहिला अ‍ॅस्बेस्टॉसचा प्रश्न. तुम्ही ऐकलं ते एकेकाळी खरं होतं. 1930च्या दशकापासून 1970च्या सुरुवातीपर्यंत फवारा-लेपात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू सर्रास वापरत. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यातही चाळिसाव्या मजल्याच्या आसपासपर्यंत तोच माल फवारला गेला. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयाचे डॉ. अर्विंग सेलिकॉफ यांनी अ‍ॅस्बेस्टॉस हाताळणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांच्या रोगांवर मोठं काम केलं होतं. त्याचा दबाव वाढला आणि 1970मध्ये मनोऱ्यांच्या पुढच्या मजल्यांसाठी अ‍ॅस्बेस्टॉसविना माल घेतला गेला. 1973मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने असा फवारा देशभर बंद केला. आपल्याकडच्या सिमेंटच्या पत्र्यांतही अ‍ॅस्बेस्टॉस असतं, पण तिथे ते सिमेंटमध्ये घट्ट बांधलेलं असतं. जुन्या फवारा-लेपात तंतू मोकळे असतात आणि बोट लागलं तरी हवेत उडतात. तेव्हा मुलाच्या ऑफिसची इमारत 1973 नंतरची असेल तर तुम्ही पाहिलात तो थर बहुधा जिप्समचा किंवा खनिज तंतूंचा. त्याआधीची असेल तर इमारतीच्या व्यवस्थापनाकडे अ‍ॅस्बेस्टॉसच्या तपासणीचा अहवाल मागायला सांगा. आणि पुढच्या खेपेला बोट लावून पाहू नका.

प्रश्न : मग आपल्याकडच्या इमारतींत हा लेप का दिसत नाही? आणि विमानतळांवर, मॉलमध्ये उघडे रंगवलेले खांब असतात, ते कसे चालतात?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या बहुतेक इमारती आरसीसीच्या आहेत. तिथे सळईभोवतीचं काँक्रीट हेच संरक्षण. आयएस 456 मध्ये किती तासांसाठी सळईवर किती काँक्रीट हवं याचा तक्ता आहे. दोन्ही टोकांना नुसत्या टेकलेल्या तुळईला 2 तासांसाठी 40 मिलिमीटर. म्हणून गिलावा उडून गंजक्या सळ्या बाहेर दिसू लागलेल्या जुन्या इमारतीचा धोका पावसापुरता नसतो, तिची आगीतली ढालही तिथे तुटलेली असते. याकडे सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभेत कुणाचं लक्ष गेलेलं मी तरी ऐकलं नाही.

उघड्या खांबांवर बहुतेकदा साधा रंग नसतो. आगीत फुगणारा वेगळा रंग असतो. रंगाचा थर जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर. दोनशे-अडीचशे अंशांच्या आसपास त्यातली रसायनं एकमेकांशी क्रिया करून वायू सोडतात आणि थर मूळ जाडीच्या कित्येक पट फुगून काळा, सच्छिद्र कोळसा बनतो. तो पोलादाला झाकतो. दिसायला छान, खर्चाला भारी. त्यामुळे जिथे पोलाद नजरेसमोर राहणार तिथे हा रंग, आणि फॉल्स सीलिंगच्या आड तो करडा फवारा, अशी वाटणी सगळीकडे झालेली आहे. या रंगाचा एक तोटा असा की वरून नेहमीच्या रंगाचे हात चढत गेले तर तो फुगायला अडखळतो. रंगाऱ्याला हे ठाऊक नसतं, त्याला सांगणारं कुणीतरी हवं.

पुणे, मुंबईत आता पोलादी सांगाड्याच्या ऑफिस इमारती वाढत आहेत. अशा इमारतीत तुमचं ऑफिस असेल आणि केबलचं किंवा एसीचं काम निघालं, तर सीलिंग बंद करण्याआधी स्वतः शिडीवर चढा, टॉर्च मारून तुळया पाहा. कुठे पोलाद चकाकताना दिसलं तर फोटो काढून इमारतीच्या व्यवस्थापकाला पाठवा, आणि ती जागा पुन्हा लिंपून होईपर्यंत ठेकेदाराचं बिल अडवून ठेवा.